बिल्ला बदलतो तेव्हा

जुने लष्करी बिल्ले जमवणाऱ्यांत एक समज खोल रुजलेला आहे: बिल्ला जितका दुर्मिळ तितका मोलाचा. लिलावातल्या किमती याच समजावर ठरतात आणि बनावट मालाचा बाजारही त्यावरच पोसला जातो. पलटणीचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर मात्र ही मोजपट्टी फारशी कामाची नाही. एखाद्या रेजिमेंटचा एकच अतिदुर्मिळ बिल्ला मखमलीवर ठेवला तर तो शोभेची वस्तू होऊन राहतो. त्याच रेजिमेंटचे चारपाच साधे, ढिगाने निघालेले बिल्ले काळाच्या क्रमाने मांडले, तर त्यांच्यातला फरक दिसू लागतो, आणि इतिहास त्या फरकात असतो. लष्करात बिल्ला कोणी लहर आली म्हणून बदलत नाही. त्यावरचा आकडा, मुकुट, हत्यार किंवा अक्षर बदलायला वरून मंजुरी लागते, आणि अशा मंजुरीमागे बहुधा काहीतरी मोठे घडलेले असते: सैन्याची फेररचना, सत्तांतर, एखाद्या समाजासाठी लष्कराचे दार उघडणे. शिवाय बिल्ला हा घडलेल्या गोष्टींची सरळ नोंद नसतो. घडलेल्यापैकी काय लक्षात ठेवायचे, याचा तो अधिकृत निर्णय असतो. म्हणून माझे म्हणणे असे की संग्राहकाने दुर्मिळतेच्या मागे न लागता बदल जमवावेत. महाराष्ट्राशी ज्यांचे नाते जुने आहे अशा काही पलटणींच्या चिन्हांवरून हे तपासून पाहता येते.

सुरुवात आकड्यांपासून करू. १८९५ साली बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या स्वतंत्र सेना एकत्र आणून एक भारतीय सेना करण्यात आली. पण तिन्हींकडे पहिली, दुसरी, तिसरी अशा पलटणी आधीपासून होत्याच, त्यामुळे एकाच आकड्याच्या अनेक पलटणी हा घोळ शिल्लक राहिला. १९०३ मध्ये सरसेनापती लॉर्ड किचनेर याच्या फेररचनेत तो निस्तरला गेला. मद्रासच्या पायदळाच्या आकड्यांत साधारणपणे ६० मिळवायचे आणि मुंबईच्या आकड्यांत १००, असा हिशेब धरला गेला. त्यामुळे मुंबईची तिसरी पलटण १०३ वी झाली, पाचवी १०५ वी, दहावी ११० वी आणि सतरावी ११७ वी. पहिल्या महायुद्धाने या रचनेतला दोष उघडा पाडला. एकेका बटालियनचीच रेजिमेंट असल्यामुळे माणसे पडली की त्यांच्या जागी नवे, शिकवून तयार केलेले जवान पुरवणे जड जाऊ लागले. म्हणून १९२२ मध्ये अनेक बटालियनच्या मोठ्या रेजिमेंट केल्या गेल्या आणि प्रत्येकीला प्रशिक्षणाची स्वतंत्र बटालियन जोडली गेली. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी अनुक्रमे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पाच बटालियन झाल्या, आणि ११४ वी पलटण प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. १९४५ मध्ये रेजिमेंटच्या नावामागचा ५ हा आकडाही गेला. आता खांद्यावर लावायचा एखादा पितळी नावपट्टा हाती आला आणि त्यावर १०३ असेल, तर तो १९०३ ते १९२२ या काळातल्या नावाचा. ५ आणि मराठा असे असेल तर १९२२ ते १९४५ मधल्या नावाचा. या तारखा आदेशांच्या आहेत, प्रत्येक जवानाच्या खांद्यावरचे पितळ त्याच दिवशी बदलले असे नाही. तरीही अशा दोन स्वस्त पट्ट्यांमध्ये एका महायुद्धाने सैन्याच्या रचनेला शिकवलेला धडा उभा राहतो. त्यातला एकच पट्टा जवळ असेल तर तो धडा दिसत नाही.

जे बदलत नाही तेही याच मांडणीतून कळते. जंगी पलटण म्हणून ओळखली जाणारी मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन १७६८ साली मुंबईच्या शिपायांची दुसरी बटालियन म्हणून उभी राहिली. तेव्हापासून तिचे नाव आणि आकडा अनेकदा बदलला. दुसरी बटालियन आजही काली पांचवी म्हणवली जाते. मुंबईच्या सेनेतला तिचा पाचवा क्रमांक सरकारी कागदांतून जाऊन शंभर वर्षे उलटली तरी जवानांच्या बोलण्यातून गेलेला नाही. बिगुलाचेही तसेच. लाइट इन्फंट्री म्हणजे मुख्य फळीच्या पुढे विखरून लढणारे, चपळ हालचालींचे पायदळ. अशा पांगलेल्या माणसांना ढोलाच्या ठोक्यांवर हलवता येत नाही, म्हणून त्यांचे हुकूम बिगुलावर दिले जात आणि बिगुल हेच त्यांचे चिन्ह झाले. पहिल्या अफगाण युद्धात बलुचिस्तानातल्या काहानच्या किल्ल्यात वेढा पडलेला असताना मुंबईच्या पाचव्या पलटणीच्या तुकडीने जी चिकाटी दाखवली, त्याबद्दल १८४१ मध्ये त्या पलटणीला लाइट इन्फंट्री हा किताब मिळाला. विखरून लढण्याची ती पद्धत आता राहिली नाही आणि बिगुलावर हल्ला चढवण्याचे दिवसही गेले, पण रेजिमेंटच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. आकडे कारभाराच्या सोयीसाठी होते म्हणून बदलले. बिगुल मानाचा होता म्हणून टिकला. कोणते चिन्ह कोणत्या कारणाने आले हे ठाऊक असले की कोणते टिकेल आणि कोणते जाईल याचाही अंदाज बांधता येतो.

सर्वांत ठसठशीत बदल मुकुटाचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बिल्ल्यांवरच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला आणि कमानी घुमटासारख्या गोलाकार वर चढल्या. हा राजमुकुट १९५२ पर्यंत चालला. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात कमानी पुन्हा दबल्या. भारतीय सैन्यात मात्र २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला तसा मुकुटच गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मेजरच्या खांद्यावरच्या मुकुटाची जागा सिंहांनी घेतली, आणि कॅप्टनच्या खांद्यावरचे तीन तारे, जे ऑर्डर ऑफ द बाथ या ब्रिटिश सन्मानाच्या नमुन्याचे होते, ते साधे पंचकोनी झाले. या क्रमाचा एक व्यावहारिक उपयोग आहे. भारतीय पलटणीचे नाव आणि त्यावर एलिझाबेथच्या काळचा मुकुट असा बिल्ला कोणी विकायला आणला, तर तो खरा असण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण तो मुकुट चलनात यायच्या आधीच भारताने मुकुट उतरवला होता. ब्रिटिश सैन्यात गेलेल्या चार गुरखा रेजिमेंटचा अपवाद तेवढा लक्षात ठेवायचा. दबलेल्या कमानी दोन्ही राण्यांच्या काळात असल्यामुळे असा माल व्हिक्टोरियाकालीन म्हणून खपवता येतो. दोन्ही मुकुटांचे खात्रीचे नमुने शेजारी ठेवून पाहणारा माणूस सहसा फसत नाही. एकच सुटा बिल्ला पाहून भुलणारा फसतो.

बिल्ला हा स्मृतीबद्दलचा निर्णय असतो, याचा सर्वांत बोलका पुरावा भीमा कोरेगावात आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली पेशव्यांच्या सैन्याशी लढलेल्या कंपनीच्या तुकडीचा कणा होता मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. लष्कराच्या वंशावळीत ही बटालियन पुढे १०२ वी ग्रेनेडिअर्स झाली आणि १९२२ नंतर ४ थ्या बॉम्बे ग्रेनेडिअर्समध्ये गेली. तिचा वारसा आजच्या ग्रेनेडिअर्स रेजिमेंटकडे आहे. पण त्या दिवशी लढलेल्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या कंपनीच्या मृतांच्या यादीत नाक या प्रत्ययाने संपणारी त्यांची २२ नावे आहेत. पुढे लढाऊ जातींच्या सिद्धांताने त्यांच्याच वंशजांसाठी दार बंद केले. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज तयार केले. १९१७ मध्ये युद्धाच्या निकडीपोटी १११ वी महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली आणि भरतीचा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, आणि सुरुवातीच्या काळात तिच्या बिल्ल्यावर जागा मिळाली ती कोरेगावच्या स्तंभाला. या रेजिमेंटने १८१८ मध्ये लढाई केलेली नव्हती. तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती. तरी तिने तो स्तंभ धारण केला, कारण तिने पलटणीच्या वंशावळीऐवजी माणसांची वंशावळ मानली. आमचे पूर्वज येथे लढले होते, मग आम्हाला लढाऊ नाही असे तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणालात, हा प्रश्न त्या पितळात होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. तिरक्या मांडलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन ही तिची ओळख बनली, आणि स्तंभाची जागा पुढे खंजिराने घेतली.

आता ग्रेनेडिअर्स आणि महार या दोन रेजिमेंटचे बिल्ले शेजारी ठेवा. एकाच लढाईचा वारसा सांगणाऱ्या दोघी, पण एकीच्या बिल्ल्यावरच्या पितळी ग्रेनेडवर आजही हॅनोव्हरचा पांढरा घोडा आहे. १७१४ मध्ये जर्मनीतून येऊन ब्रिटनच्या गादीवर बसलेल्या राजघराण्याचे हे चिन्ह. मुकुट गेला, पण परक्या राजाचा घोडा राहिला, कारण सैनिकांच्या लेखी तो कधीच राजाचा उरला नव्हता, तो पलटणीचा झाला होता. दुसऱ्या बिल्ल्यावरून मात्र याच मातीतला स्तंभ उतरला. स्वतंत्र भारताच्या सैन्याने भारतीयांविरुद्ध लढून मिळवलेले जुने युद्धसन्मान मिरवायचे नाहीत असे धोरण ठेवले, आणि त्या भूमिकेत काही अर्थ नक्कीच आहे. पण घोडा आणि स्तंभ यांची ही तुलना सांगते की चिन्हाचे भवितव्य केवळ त्याच्या परकेपणावर ठरत नाही. ज्या चिन्हाने कोणालाही अडचणीचा प्रश्न विचारला नाही ते टिकले. ज्याच्या अर्थावरून समाजात आजही वाद आहे ते टिकले नाही. हे दोन्ही बिल्ले बाजारात मिळतात आणि त्यांत फार महागडे असे काही नाही. तरी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातला एक मोठा तिढा त्यांच्यात सामावलेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा की बिल्ला फक्त गौरव सांगतो, आणि गौरवावर उभा केलेला इतिहास खोटा असतो. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. ११० वी मराठा, १०३ वी आणि ११७ वी या पलटणी जनरल टाउनशेंडच्या ६ व्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात कूतला अडकल्या. उपासमारीने खंगलेल्या त्या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली, आणि नंतर तुर्कांच्या कैदेत असंख्य माणसे मेली. दुसऱ्या महायुद्धात ५ व्या मराठाची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये तोब्रुकला पकडली गेली. या कशाचीही खूण बिल्ल्यावर नाही. पराभवाचा बिल्ला कोणतेच सैन्य पाडत नाही. पण हे मौन ओळखता येते, आणि ओळखण्याचे साधन पुन्हा चिन्हेच देतात. दुसऱ्या महायुद्धात जवान रेजिमेंटच्या खुणेबरोबर दंडावर डिव्हिजनची कापडी खूणही लावत. मराठ्यांची पहिली बटालियन इटलीत ८ व्या डिव्हिजनमध्ये होती. तिचेच शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरी बटालियन ४ थ्या डिव्हिजनमध्ये लढली, जिची खूण लाल गरुड. रेजिमेंट एक, पण दंडावरच्या खुणा वेगळ्या. एका कुटुंबाच्या पेटीत बिगुल आणि लाल गरुड एकत्र सापडले, तर वेध उत्तर आफ्रिकेकडे घ्यायचा, आणि मग तोब्रुकच्या कैद्यांच्या नोंदींपर्यंत जावेच लागते. बिल्ला जिथे थांबतो तिथून पुढे कागद कोणते शोधायचे, हे बिल्ल्यांच्या जोडीवरून कळते.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे: बाजारात नकली माल इतका आहे की बिल्ल्याला पुरावा मानणेच भाबडेपणाचे. येथे वस्तू जवळून पाहायला हवी. ठशाचा बिल्ला पितळेच्या पत्र्याला दोन साच्यांमध्ये दाबून काढतात, म्हणून त्याच्या मागच्या बाजूला पुढच्या उठावाचे खोलगट प्रतिबिंब दिसते. ओतीव बिल्ल्याची पाठ बहुधा सपाट, किंचित खरखरीत असते, वाळूचे बारीक कण उमटल्यासारखी, आणि तो हाताला जड लागतो. मधली जागा कापून काढलेली असेल तर ठशाच्या बिल्ल्यात ती कड धारदार व स्वच्छ येते. खऱ्या बिल्ल्याचा साचा उचलून ओतलेल्या नकलेत ती बोथट होते आणि बारीक रेषा बुजतात. पाठीवर डाख लावून बसवलेल्या दोन कड्या असतात, ज्यांतून पिन घालून बिल्ला टोपीला किंवा पगडीला अडकवत. वर्षानुवर्षे ब्रासोने चमकवलेल्या बिल्ल्यावर पुढचे उंचवटे गुळगुळीत होतात; पुढचा भाग झिजलेला आणि कड्यांची आतली बाजू मात्र कोरी, असे दिसले तर झीज कृत्रिम असावी असा संशय घ्यावा. एक सावधगिरी भारतासाठी खास आहे. इथल्या पलटणी पुष्कळदा स्थानिक कारागिरांकडून बिल्ले ओतवून घेत, विशेषतः युद्धकाळात. इंग्लंडच्या कारखान्याची सफाई नाही म्हणून ते खोटे ठरत नाहीत. नेमक्या याच कारणासाठी मालिका लागते. एकट्या वस्तूची पारख सौंदर्यावर आणि विक्रेत्याच्या शब्दावर होते. मालिकेतल्या वस्तूला तिच्या आधीची आणि नंतरची साक्ष मिळते. दुर्मिळतेचा पाठलाग करणाराच बनावटीला सर्वांत सोपा बळी पडतो, कारण बनावट करणाराही दुर्मिळ तेच पाडतो.

तिसरा आक्षेप विचारसरणीचा: हा साम्राज्याच्या फौजेबद्दलचा गहिवर नव्हे काय? जो संग्रह मुकुटापाशी सुरू होतो आणि मुकुटापाशीच संपतो, त्याच्याबद्दल ही शंका रास्त आहे. पण बदलांचा संग्रह १९५० ओलांडून पुढे जातोच, आणि ते वळण ओलांडताना काय राहिले व काय गेले हे विचारणे त्याला भाग पडते. जी चिन्हे आपण आज स्वदेशी म्हणून पाहतो त्यांत काही लंडनहून आलेली आहेत, काही समुद्रापलीकडच्या मोहिमांतून. पंजाब रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचे वल्ह्यांचे जहाज हे परदेशी जाऊन लढायला तयार झालेल्या जुन्या पलटणीची आठवण आहे. त्या फौजेत गेलेल्या आपल्या लोकांनी का भरती व्हायचे ठरवले, त्यांना काय मिळाले, काय नाकारले गेले, हे प्रश्न टाळून साम्राज्याचा हिशेब मांडता येणार नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावागावांतून माणसे बसरा आणि इटलीला गेली. त्यांच्या वाट्याला इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ आली नाही, पण त्यांच्या खांद्यावर एक आकडा होता.

यातूनच शेवटचा आणि मला सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप येतो. ब्रिटिशांच्या मोहीमपदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असे; बिल्ल्यावर कोणाचेच नाव नसते. मग निनावी पितळातून माणसापर्यंत कसे पोचणार? उत्तर असे की बिल्ला स्वतः नाव सांगत नाही, ते नाव त्याच्याबरोबर टिकवावे लागते, आणि ते काम फक्त पहिल्या हातालाच करता येते. घरातून भंगारवाल्याकडे, तिथून जुन्या बाजारात आणि मग संग्राहकाकडे असा प्रवास झाला की धातू शिल्लक राहतो आणि माणूस गळून पडतो. म्हणून बिल्ला कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या बटालियनचा, घरात आणखी काय सापडले आणि केव्हा, हे वस्तू जागची हलण्यापूर्वी लिहून काढणे ही संग्रहातली पहिली पायरी आहे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे, मिलिमीटरमध्ये माप आणि ग्रॅममध्ये वजन त्याला जोडावे. ब्रासो आता बंद करावे, कारण प्रत्येक चकाकीबरोबर तपशिलाचा एक थर जातो. पीव्हीसीच्या प्लास्टिक पाकिटांऐवजी आम्लमुक्त कागद वापरावा. पीव्हीसीतून सुटणाऱ्या वायूंनी पितळावर हिरवट चिकट थर चढतो. कायद्याचे भानही हवे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आज १९२२ पूर्वीचे सर्व बिल्ले त्या वयाचे झालेले आहेत. तसेच सैनिक नसताना सैनिक असल्याचे भासवण्यासाठी अशी खूण अंगावर लावणे हा गुन्हा आहे.

बदल जमवायचे म्हटले की संग्रहाचे अर्थकारण उलटते, आणि ते उलटणे इष्ट आहे. चार साधे बिल्ले, त्यांच्या तारखा, आणि त्यांपैकी एकाशी जोडलेले एका हवालदाराचे नाव व गाव, एवढ्यावर एखादा शाळामास्तर किंवा निवृत्त सुभेदारही इतिहासात मोलाची भर घालू शकतो. त्यासाठी लिलावात बोली लावण्याची ऐपत लागत नाही. ज्यांच्या घरात आजोबांचा बिल्ला आहे त्यांनी तो विकावा की ठेवावा हा त्यांचा प्रश्न. पण त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तो दाखवून आजोबा कोणत्या पलटणीत होते हे विचारून घ्यावे आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. पितळ आणखी शंभर वर्षे टिकेल. ते उत्तर देऊ शकणारी माणसे तितकी वाट पाहणार नाहीत.